‘पडला तर’ आणि ‘पडला असता तर’ : ‘द वॉर गेम’ ह्या वृत्तनाट्यातील संकेतार्थ

१९६७ साली अमेरिकेच्या चलच्चित्र अकादमीने पीटर वॉटकिन्स ह्यांच्या ‘द वॉर गेम’ ह्या चित्रपटास उत्कृष्ट अनुबोधपटाचे पारितोषिक दिले. अनुबोधपट म्हणजे घडलेल्या अथवा घडत असलेल्या वस्तुस्थितीचे चित्रण, अशी ह्या प्रकाराची रूढ समजूत आहे. आणि ‘द वॉर गेम’मध्ये जे घडताना दिसते त्यातील जवळजवळ काहीही कधी घडलेले नाही. इंग्लंडच्या केंट परगण्यावर अण्वस्त्र पडले नाही, रॉचेस्टर अग्निवादळात जळाले नाही, तेथील पोलिसांनी मरणोन्मुख जखमींना गोळ्या घातल्या नाहीत. पारितोषिक देणाऱ्यांची ही केवळ वर्गीकरणाची चूक, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. परंतु तसे केल्यास ह्या कृतीच्या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्नच हातचा निसटेल. जे घडलेले नाही त्याची साक्ष कशी द्यावयाची, आणि तशी साक्ष कोणी दिलीच तर तिला सत्य म्हणावयाचे की नाही, हा तो प्रश्न होय.

ह्या चित्रपटाविषयी जे लिहिले गेले आहे त्याचा मोठा भाग त्याच्यावरील बंदीच्या इतिहासाने व्यापलेला आहे. तो इतिहास महत्त्वाचा आहे व त्याचा विचार पुढे येईलच. परंतु बंदीची कथा इतकी नाट्यपूर्ण आहे की तिच्या छायेत खुद्द कृतीच्या रचनेकडे दुर्लक्ष झाले. ही रचना समजून घेण्यास मराठी व्याकरणातील एक साधा विचार उपयोगी पडतो.

मराठी व्याकरणांत क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ सांगितले जातात. अनुबोधपटाची भाषा स्वार्थाची असते : अमुक घडले, अमुक घडत आहे. शासनाच्या नागरी संरक्षणाच्या पुस्तिकांची भाषा आज्ञार्थाची वा विध्यर्थाची : खिडक्यांना पांढरा रंग द्यावा, पाणी साठवून ठेवावे. भावी युद्धाची कल्पना करणाऱ्या कृतीची भाषा मात्र संकेतार्थाचीच असू शकते : अमुक झाले तर तमुक होईल. आता मराठीतील संकेताची एक लकब ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘बाँब पडला तर शहर जळेल’ ह्या वाक्यात ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे आहे. जे अद्याप व्हावयाचे आहे, कदाचित कधीच व्हावयाचे नाही, ते मराठी भाषक आधी घडून गेले असे धरून चालतो आणि मग ‘तर’ ह्या एका शब्दाने ते घडणे पुन्हा अधांतरी करून ठेवतो. ह्याहून वेगळा संकेत ‘पडला असता तर’ हा. तेथे शक्यतेचे दार लागून गेलेले असते. संस्कृतात ह्या अर्थासाठी लृङ् हा स्वतंत्र लकार आहे व वैयाकरण त्याला क्रियातिपत्तीचा, म्हणजे क्रिया सिद्धीस न गेल्याचा, प्रत्यय म्हणतात. ‘पडला तर’ ऐकणारा मनुष्य पुढे काय करावे ह्याचा विचार करतो. ‘पडला असता तर’ ऐकणारा सुटकेचा निःश्वास टाकतो.

ज्याला इंग्रजीत डॉक्युड्रामा म्हणतात त्या वृत्तनाट्याची सगळी करामत ‘पडला’ ह्या रूपात आहे, आणि त्याची सगळी सचोटी ‘तर’ ह्या अव्ययात आहे. चित्रपटाच्या कॅमेऱ्याला स्वार्थाखेरीज दुसरा अर्थ ठाऊक नसतो. तो जे दाखवतो ते दाखवण्याच्या क्षणी आहेच. जळणारे घर पडद्यावर ‘जळेल’ अशा स्थितीत दाखवता येत नाही. ते जळतच असते. तेव्हा ‘तर’ कोठून तरी बाहेरून, निवेदनातून किंवा रचनेतून, आणावा लागतो. तो कोठे आणि कसा आणला जातो हे पाहणे म्हणजेच ‘द वॉर गेम’चे परीक्षण करणे होय.

वॉटकिन्स ह्यांनी ही रीत प्रथम भूतकाळावर अजमावली होती. ‘कलोडन’ (१९६४) ह्या बी.बी.सी.साठी केलेल्या चित्रपटात त्यांनी १७४६ च्या स्कॉटिश पराभवाचे चित्रण, जणू दूरचित्रवाणीचे वार्ताहर त्या रणभूमीवर हजर होते, अशा पद्धतीने केले. अठराव्या शतकातील सैनिक कॅमेऱ्याकडे पाहून उत्तरे देतो ही विसंगती इतकी उघड होती की तिच्यात फसवणुकीचा संशय उद्भवण्याचे कारण नव्हते. काळाचे अंतर हेच तेथे ‘तर’चे काम करीत होते. पुढच्याच वर्षी हीच पद्धत त्यांनी भविष्याकडे वळविली तेव्हा ते संरक्षण नाहीसे झाले. चित्रपटातील लोकांचे कपडे, त्यांच्या मोटारी, त्यांची स्वयंपाकघरे प्रेक्षकांच्या स्वतःच्या होती. व्यावसायिक नटांऐवजी केंटमधील सामान्य स्त्रीपुरुष भूमिका करीत होते. चित्रण टनब्रिज, ग्रेव्ह्जएंड, चॅटम, डोव्हर ह्या गावांत, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने, कृष्णधवल फितीवर झाले होते. निवेदकांपैकी एक मायकेल ॲस्पेल हे त्या काळी बी.बी.सी.वर बातम्या देणारे गृहस्थ. ज्या आवाजातून घरोघर रोज स्वार्थ ऐकू येत होता त्याच आवाजात वॉटकिन्स ह्यांनी संकेतार्थ वदविला. ही निवड साधी नव्हे.

चित्रपट सुमारे पाऊण तासाचा आहे. आरंभी राजकीय पेचप्रसंग झपाट्याने सांगितला जातो : चीन दक्षिण व्हिएतनाममध्ये उतरतो, अमेरिका छोट्या अण्वस्त्रांच्या वापराची सिद्धता करते, सोव्हिएत संघ व पूर्व जर्मनी पश्चिम बर्लिनवर दडपण आणतात. हा भाग कृतीतील सर्वांत दुबळा आहे. नकाशा आणि घोषणा ह्यांपलीकडे तो जात नाही, आणि बहुधा जावा अशी अपेक्षाही नाही. खरा चित्रपट सुरू होतो तो स्थलांतरित बायकामुलांना अनोळखी घरांच्या दारांशी उभे केले जाते तेथे. घरमालकावर जागा देण्याची सक्ती आहे, त्याची नाखुषी तोंडावर दिसते, आणि अधिकारी हातातल्या यादीकडे पाहत उभा आहे. अण्वस्त्र अद्याप पडावयाचे आहे, परंतु शेजारधर्म मोडावयास आरंभ झालेला आहे. ह्या प्रसंगांत निवेदकाची क्रियापदे सावध असतात. अशा परिस्थितीत असे होण्याचा संभव आहे, तसे करावे लागेल, असा त्यांचा रोख असतो. ‘तर’ स्पष्ट ऐकू येतो.

मग स्फोट होतो. मॅन्स्टनच्या विमानतळावर सोडलेले अस्त्र लक्ष्य ओलांडून दूर फुटते आणि पडदा पांढरा होतो. ह्या क्षणी निवेदनाचे व्याकरण बदलते. एक मूल डोळे झाकून किंचाळत असते. घरातील सामान पेट घेते. कॅमेरा हिसके खात असतो. आणि त्या सगळ्यावरून निवेदकाचा आवाज, किंचितही न चढता, उष्णतेच्या लाटेने इतक्या अंतरावर डोळ्यांचे व त्वचेचे काय होते आणि धक्क्याची लाट किती सेकंदांनी येते हे सांगत राहतो. क्रियापदे आता वर्तमानकाळी आहेत. ‘होईल’ जाऊन ‘होते’ आले. परंतु हा वर्तमानकाळ दोन प्रकारे ऐकता येतो, आणि हीच ह्या प्रसंगाची खरी शक्ती आहे. ‘पाणी शंभर अंशांवर उकळते’ हा वर्तमानकाळ नियमाचा आहे. ‘ते पहा, पाणी उकळते आहे’ हा वर्तमानकाळ घटनेचा आहे. निवेदक पदार्थविज्ञानाचा नियम सांगतो आणि चित्र त्याच नियमाचे एक उदाहरण किंचाळताना दाखवते. नियमाला ‘तर’ची आवश्यकता नसते. उदाहरणाला असते. दोहोंची क्रियापदे एकच असल्यामुळे प्रेक्षक एकाचे निश्चितत्व दुसऱ्याला देऊन टाकतो.

ह्याला लबाडी म्हणावे काय? तसा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. त्याला उत्तर मिळते ते चित्रपटातील तिसऱ्या काळात. अग्निवादळाचे, प्रेतांच्या राशी जाळण्याचे, मृतांची ओळख पटावी म्हणून त्यांच्या बोटांतील अंगठ्या बादलीत गोळा करण्याचे प्रसंग दाखवताना निवेदक पुनःपुन्हा स्मरण देतो की हे जर्मनीत घडून गेले आहे, हे जपानमध्ये घडून गेले आहे. हॅम्बर्ग, ड्रेस्डेन, हिरोशिमा, नागासाकी ही नावे येतात आणि त्यांच्याबरोबर शुद्ध भूतकाळ येतो. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर चित्रपटाची रचना अनुमानाची आहे. केंटमधील अग्निवादळ ही प्रतिज्ञा, आणि १९४३ चे हॅम्बर्ग व १९४५ चे ड्रेस्डेन हे दृष्टान्त. चित्रातील केंट खोटे असले तरी दृष्टान्तातील हॅम्बर्ग खरे आहे, आणि ज्याला प्रतिज्ञा मान्य नसेल त्याने दृष्टान्ताचे काय करावयाचे ते सांगावे, असे हे आव्हान आहे. बी.बी.सी.ने चित्रपट ‘फार भीषण’ ठरविला; परंतु ज्या भीषणतेला आक्षेप होता तिचा पुष्कळसा भाग कल्पित नसून उसना होता. ज्या नगरांवर ती प्रत्यक्ष ओढवली तेथून ती आणलेली होती. हॅम्बर्ग व ड्रेस्डेन ह्यांच्या बाबतीत तर ती ओढवणाऱ्यांत ब्रिटिश वायुदल होते, हे चित्रपट ओरडून सांगत नाही. परंतु त्या नावांचा उच्चार इंग्रज प्रेक्षकाच्या कानी निरपराधपणे पडणे अवघड आहे.

मात्र सर्वच प्रतिज्ञांना दृष्टान्ताचे हे बळ लाभलेले नाही, आणि येथे वॉटकिन्स ह्यांच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घ्यावा लागतो. उत्तरार्धात अन्नासाठी दंगली होतात, पोलीस व नागरिक समोरासमोर येतात, दंगलखोरांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या जातात. निवेदकाचा आवाज तोच, काळ तोच, निश्चितपणा तोच. पण उष्णतेने त्वचा भाजते हे विधान आणि उपासमारीने शेजारी शेजाऱ्यावर उठतो हे विधान एकाच जातीची नाहीत. हॅम्बर्ग-ड्रेस्डेनच्या अनुभवावरून दुसरे विधान पहिल्याइतक्या बळाने निघत नाही. समाज कोसळेल ही शक्यता आहे, कदाचित प्रबळ शक्यता आहे. पण ती शक्यता आहे. ज्या ठिकाणी निवेदकाने पुन्हा ‘संभव आहे’ अशा भाषेकडे ठळकपणे यावयास हवे होते त्याच ठिकाणी तो पदार्थविज्ञानाचा स्वर चालू ठेवतो. कृतीच्या समर्थकांनी हा दोष सहसा मान्य केलेला नाही, कारण त्यांना तो मान्य करणे म्हणजे बंदी घालणाऱ्यांच्या हाती शस्त्र देणे वाटले असावे. पण दोष तो दोषच.

ह्या दोषाच्या शेजारीच चित्रपटातील सर्वांत चतुर योजना आहे. मधूनमधून, स्वच्छ प्रकाशात, शांत पार्श्वभूमीवर, प्रतिष्ठित माणसे पडद्यावर येतात : धर्माधिकारी, युद्धनीतीचा अभ्यासक, वैद्यकातील तज्ज्ञ. त्यांचे बोलणे संथ व सुसंस्कृत आहे आणि त्याचा आशय असा की अण्वस्त्रयुद्धातूनही राष्ट्र सावरू शकेल, किंवा योग्य हेतूने वापरलेले अस्त्र नीतीला धरून असू शकेल. ही माणसे नट आहेत, प्रकाशयोजना कृत्रिम आहे, सर्व काही मांडून ठेवलेले दिसते. परंतु त्यांच्या तोंडची मते त्या काळातील खऱ्या व्यक्तींनी खरोखर मांडलेल्या मतांवर आधारलेली आहेत. उलट हलणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली, वार्तापटासारखी दिसणारी दृश्ये संपूर्ण कल्पित आहेत. म्हणजे जे खरे ते खोट्यासारखे दिसते आणि जे खोटे ते खऱ्यासारखे. वेडेपणा नेमका कोणत्या बाजूस आहे, हा प्रश्न प्रेक्षकाने स्वतःच सोडवावयाचा असतो.

ह्या दोहोंच्या मध्ये रस्त्यावरील माणसांची प्रश्नोत्तरे आहेत. कार्बन-१४ म्हणजे काय, त्याचा शरीरावर कोणता परिणाम होतो, असे विचारले असता बहुतेकांना काही सांगता येत नाही. शत्रूने हल्ला केल्यास ब्रिटनने उलट हल्ला करावा काय, ह्या प्रश्नाला मात्र उत्तरे चटकन मिळतात. पढवलेल्या नटाला असे अडखळता येत नाही. नागरिकांना माहिती देण्याचे जे साधन उपलब्ध होते त्याचाही चित्रपट उल्लेख करतो. ते साधन म्हणजे गृहस्थाने अण्वस्त्रहल्ल्यापासून बचाव कसा करावा हे सांगणारी १९६३ ची शासकीय पुस्तिका, किंमत नऊ पेन्स. संपूर्ण चित्रपटात स्वार्थाचा एकमेव निखळ प्रदेश हाच आहे. ह्या माणसांना माहिती नाही. त्यांना ती कोणी दिलेली नाही. जर अकादमीचे पारितोषिक खऱ्या अर्थाने अनुबोधपटाला मिळाले असेल तर ते ह्या काही मिनिटांना मिळाले.

आता बंदीचा विचार करावयास हरकत नाही. चित्रपट पुरा झाल्यानंतर सप्टेंबर १९६५ मध्ये बी.बी.सी.च्या नियामक मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड नॉर्मनब्रुक ह्यांनी मंत्रिमंडळाच्या सचिवांशी त्याविषयी पत्रव्यवहार केला. नॉर्मनब्रुक स्वतः पूर्वी त्याच पदावर होते. त्याच महिन्यात तो सरकारी अधिकाऱ्यांना दाखविण्यात आला. २६ नोव्हेंबर १९६५ रोजी तो प्रक्षेपित होणार नाही असे जाहीर झाले. निर्णय संस्थेचा स्वतःचा आहे, बाहेरच्या दडपणाचा नाही, आणि कारण त्याची भीषणता हे आहे, असे सांगण्यात आले. पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून अभ्यासकांनी ह्या खुलाशाची कसून तपासणी केली आहे. शासनाने हुकूम दिला की केवळ आपली इच्छा कळू दिली, ह्याविषयी त्यांच्यात मतभेद आहेत. समीक्षेच्या दृष्टीने मोलाचा आहे तो ‘भीषण’ हा शब्द.

भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा ह्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकाच्या द्वारा सूचित कराव्यात, असा नियम आहे. ह्या यादीतील प्रत्येक गोष्ट ‘द वॉर गेम’मध्ये प्रत्यक्ष आहे. तेव्हा बी.बी.सी.चा निर्णय हा एका अतिशय प्राचीन रंगभूमिसंकेताचाच आधुनिक अवतार होय, असे कोणी म्हटल्यास ते वरवर पटण्यासारखे आहे. परंतु भरताचा नियम ह्या गोष्टी सांगू नयेत असा नाही. त्या सांगावयाच्याच असतात, फक्त कोणी सांगावयाच्या हे बदलते. प्रवेशकात राजे व नायक येत नाहीत. तेथे दासदासी, सेवक, सामान्य जन येऊन महालात अथवा रणात काय झाले ते आपल्या साध्या बोलीत सांगतात. वॉटकिन्स ह्यांच्या चित्रपटात नायक नाहीच. एक परिचारिका, एक अग्निशामक, एक गृहिणी कॅमेऱ्यापुढे येतात, दोन वाक्ये बोलतात आणि जातात. त्यांना नावे नाहीत. नाटकाचे सगळे अंक काढून टाकून केवळ प्रवेशकांची माळ उरावी अशी ही रचना आहे. मोठ्या घटनेची वार्ता आणणारी गौण पात्रे येथे त्या घटनेची भोक्ती झालेली आहेत, आणि ज्यांनी ती घडवून आणली ते राजपुरुष रंगभूमीवर फिरकतच नाहीत. शासनसंस्थेशी निकट असलेल्या मंडळींना अस्वस्थ करणारे जर ह्यात काही असेल तर ते भाजलेल्या कातडीपेक्षा हे अधिक असावे.

तरीही बी.बी.सी.च्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे, जी तिच्या अधिकाऱ्यांनी पुरेशी नेमकेपणाने मांडली नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्ध किंवा दुर्बल मनाच्या व्यक्तींवर होणाऱ्या परिणामाची त्यांनी भाषा केली. खरा मुद्दा माध्यमाचा होता. चित्रपटगृहात प्रेक्षक तिकीट काढून आरंभापासून बसतो. तो ‘तर’ ऐकून आत आलेला असतो. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक मध्येच येतो. स्वयंपाकघरातून येऊन त्याने पाहिले आणि बातम्या देणारा आवाज रॉचेस्टर जळत असल्याचे सांगत असेल, तर त्याच्या वाट्याला ‘पडला’ एवढेच येते. ऑर्सन वेल्स ह्यांच्या १९३८ च्या नभोनाट्याने उडविलेल्या घबराटीच्या कथा पुढील संशोधनात बऱ्याच अतिरंजित ठरल्या आहेत. परंतु १९६५ मध्ये त्या सर्वांना खऱ्या वाटत होत्या. ह्या अडचणीवर उपाय होते. चित्रपटात ठिकठिकाणी सूचना देता आली असती, पुढे चर्चा ठेवता आली असती. अडचण खरी असली तरी तिच्यातून वीस वर्षांची बंदी निष्पन्न होत नाही. १९६६ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या राष्ट्रीय चित्रपटगृहात तो दाखविण्यात आला, त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, नंतर तो सभागृहांतून व मंडळांतून पुष्कळांनी पाहिला. पण ज्या माध्यमासाठी तो घडविला होता, ज्याच्या आवाजाची व ज्याच्या विश्वासार्हतेची त्याने उसनवारी केली होती, त्या माध्यमात तो आला नाही. वॉटकिन्स ह्यांनी बी.बी.सी. सोडली.

करुण रसाच्या दृष्टीने पाहता नावे नसलेल्या ह्या माणसांचा एक तोटा आहेच. शोक कोणाविषयी तरी असावा लागतो. प्रेक्षक ‘द वॉर गेम’मध्ये भयचकित होतो, संतापतो, पण क्वचितच रडतो. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न त्याच संस्थेने २३ सप्टेंबर १९८४ रोजी प्रक्षेपित केलेल्या ‘थ्रेड्स’ ह्या वृत्तनाट्यात दिसतो. बॅरी हाइन्स ह्यांनी लिहिलेल्या आणि मिक जॅक्सन ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या कृतीत शेफील्ड शहरातील रूथ व जिमी हे तरुण जोडपे आहे, त्यांचे आईबाप आहेत, होऊ घातलेले लग्न आहे, पोटात वाढणारे मूल आहे. पहिला पाऊण तास एखाद्या कौटुंबिक मालिकेसारखा जातो आणि रेडिओवरील बातम्या कोपऱ्यात कुठेतरी वाजत राहतात. हल्ल्यानंतर जिमी नाहीसा होतो. तो कसा मेला हे दाखविले जात नाही, रूथला ते कधीच कळत नाही, आणि प्रेक्षकालाही नाही. नाट्य ज्या धाग्यांनी विणले गेले होते ते असे मध्येच तुटतात. १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलेल्या अण्वस्त्रजन्य हिवाळ्याच्या सिद्धान्ताचाही आधार ह्या कृतीने घेतला, त्यामुळे तिची दृष्टी काही महिन्यांवर न थांबता तेरा वर्षे पुढे जाते. ‘तर’चे काम येथे पडद्यावर उमटणाऱ्या टंकलिखित ओळी करतात : दिवस, अंतरे, मृतांचे अंदाज. माणसांच्या गोष्टीवर आकडे अशा रीतीने येतात की गोष्टीला रडावे तर आकडा आडवा येतो आणि आकडा वाचावा तर गोष्ट.

‘थ्रेड्स’मधील एक गोष्ट प्रस्तुत विवेचनाला विशेष जवळची आहे. युद्धानंतर जन्मलेली मुले मोडकी भाषा बोलतात. त्यांच्या तोंडी दोनतीन शब्दांची अपुरी वाक्ये असतात. कर्ता असला तर क्रियापद नसते. एका जुन्या शैक्षणिक ध्वनिचित्रफितीपुढे ती मख्खपणे बसलेली दिसतात. ह्या बोलीत हवे-नको आहे, पण ‘अमुक झाले तर’ असे म्हणण्याची सोय तीत ऐकू येत नाही. हाइन्स ह्यांना ज्या भावी समाजाची कल्पना करावयाची होती त्याला स्वतःला कोणतीही कल्पना करता येणार नाही, इतक्या टोकापर्यंत त्यांनी ती नेली आहे. वॉटकिन्स ह्यांच्या चित्रपटातील मुले अजून व्याकरणशुद्ध बोलतात. शेवटाकडे, नाताळाच्या दिवसांत, मोठेपणी काय व्हावयाचे आहे असे त्यांना विचारले जाते. प्रश्न भविष्यकाळी आहे. मुले तो समजतात, आणि काही व्हावयाचे नाही असे सांगतात.

३१ जुलै १९८५ रोजी, हिरोशिमाच्या चाळिसाव्या स्मरणदिनाच्या आठवड्याभर आधी, ‘द वॉर गेम’ अखेर बी.बी.सी.वरून दाखविण्यात आला. तोवर वीस वर्षे लोटली होती. मोटारी जुन्या झाल्या होत्या, स्त्रियांची केशरचना बदलली होती, कृष्णधवल चित्र स्वतःच पुरातन वाटू लागले होते. पुढे १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला; चित्रपटाच्या आरंभीचा राजकीय पेच तेव्हापासून निःसंशय ‘असता तर’च्या प्रदेशात गेला आहे. त्यामुळे आजचा विद्यार्थी हा चित्रपट पाहताना एका सोयीच्या भ्रमात पडण्याचा संभव असतो. जुनाट मोटारी पाहून तो सगळ्याच कृतीला लृङ् लकारात टाकतो आणि इतिहासाचे एक साधन म्हणून तिच्यावर टिपणे घेऊ लागतो. परंतु कृतीतील वाक्ये एकाच संकेताची नाहीत. पश्चिम बर्लिन, व्हिएतनाम, नऊ पेन्सची पुस्तिका ही एका संकेतात मोडतात. उष्णतेची लाट, अंतर, सेकंद, डोळा ही दुसऱ्या. पहिल्यांतील ‘तर’ला आता ‘असता’ची जोड मिळालेली आहे. दुसऱ्यांची क्रियापदे वॉटकिन्स ह्यांनी १९६५ मध्ये जशी ठेवली होती तशीच आहेत, कारण ती अस्त्रे अजून कोठारांत आहेत आणि ज्या राष्ट्रांजवळ ती आहेत त्यांची संख्या तेव्हाच्यापेक्षा मोठी आहे.